बेतमीमांसा

ग्रंथाला हात घालण्याआधी चार गोष्टी सांगून टाकायच्या, अशी आपल्याकडच्या शास्त्रकारांची शिस्त. विषय कोणता, वाचायचा अधिकार कुणाला, वाचून हाती काय लागणार आणि ग्रंथाचा त्या विषयाशी संबंध काय. याला अनुबंधचतुष्टय म्हणतात. नाव भारदस्त असलं तरी काम दुकानाच्या पाटीचंच. तर प्रस्तुत ग्रंथाचा विषय बेत. त्यातही चैत्रातल्या रविवारी, कोल्हापूर मुक्कामी, पाच मित्रांनी केलेला बेत. अधिकारी तो, ज्याला निदान तीन मित्र आहेत, त्यांतल्या एकाकडं चारचाकी आहे आणि एकाला रस्सा करता येतो. प्रयोजन काही नाही. संबंध एवढाच, की प्रस्तुत लेखक त्या पाचांतला असून त्याच्याकडं जळण गोळा करण्याचं खातं आहे.

संशोधनाच्या रीतीप्रमाणे मित्रांची नावं गुप्त ठेवून त्यांना क, ख, ग, घ म्हणावं असं ठरवलं होतं. मसुदा वाचून दाखवला तेव्हा घ उठून उभा राहिला. "मर्दा, तीस वर्षं तुझ्यासंगं हिंडालोय आणि मी शेवटचा? मला क कर." मूळचा क खाली उतरायला तयार होईना. ख म्हणाला, "मला काय बी म्हण, पण ख नको. खोकल्यागत वाटतंय." शेवटी ज्याच्या त्याच्या धंद्यावरून पदव्या दिल्या: मास्तर, गुळवाला, फोटोवाला आणि बँकवाला. यांतले मास्तर आणि बँकवाला निवृत्त आहेत, म्हणजे त्यांचे सातही वार रविवारच. तरीही रविवारची वाट सगळ्यांत जास्त तेच बघतात. याची उपपत्ती मला लागलेली नाही. गुळवाल्याच्या मते खरी सुट्टी कळायला दुसऱ्या कुणाची तरी सुट्टी असावी लागते.

आता शब्द. "उद्या काय बेत?" या प्रश्नाला "पन्हाळ्याला जातोय" हे उत्तर चालतं आणि "तांबडा-पांढरा" हेही चालतं. मनात योजलं तो बेत आणि ताटात वाढलं तोही बेत. एवढ्यावर हा शब्द थांबला असता तर मीमांसेची गरज नव्हती. पण शिंपी अंगाच्या मापानं कापड बेततो. एखादं प्रकरण जिवावर बेततं. पावण्यांची परिस्थिती बेताची असते, त्यांच्या थोरल्याची बुद्धीही बेताची असते, तरी लग्नाचा बेत मात्र झकास होतो. बेत रचतात, शिजतो, फिसकटतो, तडीस जातो. यातलं शिजणं कुणाला अलंकारिक वाटत असेल तर त्यानं आमच्याबरोबर एकदा यावं.

मोल्सवर्थनं १८३१ साली मराठीचा कोश काढला आणि १८५७ साली तो वाढवून पुन्हा काढला. दाते आणि कर्वे यांनी १९३२ ते १९३८ या काळात महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड काढले. थोर माणसं. पण अर्थ नोंदवणं एवढंच कोशकाराचं काम. शब्द एका अर्थातून दुसऱ्या अर्थात कितीच्या सुमाराला शिरतो हे सांगणं त्याच्या कक्षेबाहेरचं. ते मी सांगतो. सकाळी पावणेसहा ते सव्वासहा. ठिकाण गंगावेस. सिद्धता पुढं येईलच.

दुसरं पद रविवार. सुट्टी ही वस्तू सृष्टीबरोबरच निर्माण झाली अशी बँकवाल्याची नोकरी संपेपर्यंत समजूत होती. तसं नाही. वार जुना, सुट्टी नवी. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली ती मागायला सुरुवात केली आणि मालकांनी १८९० च्या जून महिन्यात ती कबूल केली. रविवारच का? तर रविवार हा खंडोबाचा वार, असं लोखंड्यांनी कारण दिलं होतं. म्हणजे सुट्टी उचलली खंडोबाच्या खात्यावर. कोल्हापुरात येता येता खातं थोडं बदलतं, कारण इकडं रविवार जोतिबाचा. माघात जोतिबाचे खेटे घालतात ते रविवारी, चालत. देव बदलला, भंडाऱ्याच्या जागी गुलाल आला, वार तोच राहिला. या वाराच्या दिवशी मटण खाणं वर्ज्य मानणारी घरं कोल्हापुरात आहेत, आणि रविवारी सकाळी मटणाच्या दुकानापुढं रांग लावणारी घरंही आहेत. कधी कधी घर एकच असतं.

तिसरं पद चैत्र. शास्त्राप्रमाणे चैत्र-वैशाख मिळून वसंत. वैदिक नावं मधु आणि माधव. सरकारी चैत्र निराळा. १९५७ साली राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली तेव्हापासून तो २२ मार्चला लागतो, लीप वर्षी २१ ला. पंचांगातला चैत्र पाडव्याला लागतो. आणि आमच्या कोपऱ्यावरचा चैत्र, उसाचा रसवाला चरकाला घुंगरं बांधतो तेव्हा लागतो. तिन्हींत हा तिसरा भरवशाचा, कारण त्यात ना लीप वर्षाची भानगड, ना अधिक महिन्याची.

या ऋतूत कोकिळा गाते, असं मास्तरनं तीस वर्षं वर्गात शिकवलं. निवृत्तीनंतर त्यानं दुर्बीण घेतली आणि त्याच्या आयुष्याला नवं वळण लागलं. गातो तो नर. काळाकुळकुळीत, डोळे लालबुंद. मादी तपकिरी, अंगभर ठिपके, आणि ती नुसतं किक-किक करते. "म्हणजे इतकी वर्षं पोरांना चुकीचं सांगितलं मी," असं मास्तर एका शनिवारी रंकाळ्यावर फार खिन्नपणे म्हणाला. गुळवाल्यानं त्याचं सांत्वन केलं. "पोरांनी ऐकलंय कुठं? काळजी करू नको." मराठीतल्या झाडून सगळ्या कोकिळांचं लिंग बदलायला आता फार उशीर झाला आहे, एवढी नोंद करून मी पुढं जातो.

बेताची उत्पत्ती शनिवारी संध्याकाळी, रंकाळ्याच्या कठड्यावर होते. पलीकडच्या काठावर शालिनी पॅलेसचा मनोरा, अलीकडं भेळेच्या गाड्या, मध्ये पाणी. पाचही जण पाण्याकडं तोंड करून बसतात, कारण एकमेकांकडं तोंड करून बसलं की बेत ठरत नाही, वाद होतो. मग प्रत्येक जण उद्याचं सांगतो. या सांगण्यात मोठं काही नसतं. गुळवाल्याकडं देवगडहून पहिली पेटी आली आहे, अजून हिरवट आहे, गवतात हात घालून तो रोज रात्री एकेक फळ दाबून बघतो आणि पुन्हा झोपवतो. बँकवाला कटिंगला जाणार आहे. रविवारी गर्दी असते हे माहीत असूनही रविवारीच जाणार, कारण गर्दी नसली तर बोलायचं कुणाशी? फोटोवाल्याला लग्नाची ऑर्डर नाही. हे तो असं सांगतो की आम्ही सगळे त्याचं अभिनंदन करतो. मास्तर पहाटे दुर्बीण घेऊन कात्यायनीच्या बाजूला जायचं म्हणतो. आणि मी सांगतो की माझं काही नाही. सगळ्यांत जास्त हेवा याचाच होतो.

एवढी कच्ची सामग्री जमली की गुळवाला मुख्य प्रस्ताव मांडतो. "उद्या पन्हाळा. पाचला हितनं निघायचं. सज्जा कोठीवरनं सूर्य उगवताना बघायचा, सहाला. नऊला घरात."

"पाचला म्हणजे पाचलाच नव्हं?" बँकवाला.

"पाचलाच."

"येतो की."

"मास्तर?"

"बघूया."

"फोटोवाले?"

"आलोच म्हणून समज."

इथं क्षणभर थांबून ज्ञानाची साधनं तपासली पाहिजेत. नैयायिक चार प्रमाणं मानतात: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. चौथ्याची व्याख्या अशी की आप्ताचं वाक्य हे प्रमाण, आणि आप्त म्हणजे जसं आहे तसं बोलणारा. अडचण इथूनच सुरू होते. "आलोच" हे आमच्याकडचं सर्वांत प्रसिद्ध आप्तवाक्य. व्याकरणाला ते भूतकाळाचं रूप वाटतं. व्यवहारात तो भविष्यकाळ आहे, तोही लांबचा. फोटोवाला फोनवर "आलोच" म्हणतो तेव्हा मागं पाण्याचा नळ ऐकू येतो. "निघालोय" म्हणजे विजार सापडत नाही. "पोचलोच की, कोपऱ्यावर हाय" म्हणजे निघाला. "बघूया" तेवढं प्रामाणिक आहे. त्याचा अर्थ नाही असा आहे आणि सगळ्यांना तो तसाच कळतो. मास्तर मात्र "बघूया" म्हणूनही येतो, आणि पाचला पाच मिनिटं असताना येतो. आमच्या शास्त्राला त्यानं कायमची बाधा आणून ठेवली आहे.

आणखी एक विषय टाळता येत नाही तो अभावाचा. न होणाऱ्या बेतांची संख्या होणाऱ्यांपेक्षा पुष्कळ मोठी, त्यामुळं अभावाचा अभ्यास हाच खरा बेताचा अभ्यास. अभाव चार प्रकारचे. शुक्रवारी पन्हाळ्याचा विचार कुणाच्या डोक्यात नव्हता, तो प्रागभाव. रविवारी सव्वासहाला तो बेत मोडला, तो प्रध्वंसाभाव. बँकवाल्याचा बेत म्हणजे मास्तरचा बेत नव्हे, हा अन्योन्याभाव, आणि मोटारीत पुढं कोण बसणार यावरून तो दर वेळी सिद्ध होतो. उरला अत्यंताभाव, म्हणजे जे नव्हतं, नाही आणि कधी असणारही नाही. परंपरेनं याला वायूत रूप नसण्याचं उदाहरण देतात. आम्ही आंबोलीचं देतो. "एकदा आंबोलीला दोन दिवस मुक्कामाला जाऊया" हे वाक्य आमच्यात इतकी वर्षं आहे, की ते पहिल्यांदा म्हणणाऱ्या फोटोवाल्याच्या मुलीचं आता लग्न झालं. एकदा खोल्या ठरल्या होत्या. एकदा बँकवाल्यानं रेनकोटसुद्धा घेतला. तो त्याच्या माळ्यावर आहे, घडी न मोडलेला, आणि पावसाळ्यातही वापरत नाही. कारण विचारलं तर म्हणतो, आंबोलीला लागेल.

या अत्यंताभावाचा आम्हाला फार आधार आहे. बाकीचा कुठलाही बेत मोडला तरी आंबोली शिल्लक असते.

बेत मोडणाऱ्या कारणांत चैत्रातलं सर्वांत बलवत्तर कारण म्हणजे चटणी. इतर ऋतूंत पाऊस असतो, परीक्षा असतात, लग्नं असतात. चैत्रात वर्षाची चटणी असते. कोल्हापुराबाहेरच्या वाचकासाठी सांगतो, की इथं चटणी म्हणजे तोंडी लावणं नव्हे. कांदा, लसूण, खोबरं, धने आणि दहा मसाल्यांसकट कुटलेलं तिखट. ती वर्षातून एकदा, उन्हाळ्यात होते. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी किंवा जवारी. प्रत्येक घरात या मिरच्यांचं प्रमाण वेगळं आणि प्रत्येक घराला वाटतं दुसऱ्याचं चुकलं. आधी मिरच्या गच्चीवर उन्हात. मग देठ खुडायचे, आणि तो हात दिवसभर डोळ्याला लावायचा नाही. मग कांदा तांबूस होईस्तोवर परतायचा, खोबरं भाजायचं, आणि सगळं डब्यात भरून डंकावर न्यायचं. डंकाचं लोखंडी मुसळ खाली आलं की दुकानापासून चार घरं अलीकडपर्यंत लोक शिंकतात. रांगेत उभं राहायचं, नंबर आला की आपल्यासमोर कुटून घ्यायचं, कारण नजर हलली तर आपल्या चटणीत दुसऱ्याची चटणी मिसळेल ही भीती. या सगळ्याला एक पुरुष लागतो. डबा उचलायला.

त्या शनिवारी फोटोवाल्याला घरून फोन आला तो हाच. "उद्या डंकावर जायचंय." त्यानं पाण्याकडं बघत उत्तर दिलं, "नऊपर्यंत येतो की घरात." पलीकडून काय म्हटलं गेलं ते ऐकू आलं नाही. फोटोवाला नंतर बराच वेळ शालिनी पॅलेसकडं बघत होता.

माझ्यावर वाळवणाची पाळी होती. गव्हाच्या कुरडया गच्चीवर घातल्या होत्या आणि कावळ्यांपासून त्या राखायच्या होत्या. मास्तरनं इथं एक उपयुक्त माहिती पुरवली. कावळा आपल्या कुरडया पळवतो आणि कोकिळा त्याच्याच घरट्यात अंडं घालून त्याला राबवते, तेव्हा हिशेब परस्पर फिटतो. मी ही माहिती घरी सांगितली. कुरडया राखायला भाची बसेल असं ठरलं, तिला मोबदल्यात ओल्या कुरडया खायची मुभा. वाळलेल्या किती उरल्या हा निराळा विषय.

रविवार उजाडला. मास्तर पाचला पाच कमी असताना कठड्यावर होता. गुळवाला मोटार घेऊन सव्वापाचला आला, बँकवाला साडेपाचला, मी त्याच्या मागोमाग. फोटोवाला "आलोच"मध्ये होता. त्याला घरून उचलून निघालो तेव्हा पावणेसहा वाजले होते आणि पूर्वेला उजळायला लागलं होतं. पन्हाळा कोल्हापूरपासून सुमारे वीस किलोमीटर. १६६० च्या आषाढात सिद्दी जौहरचा वेढा चुकवून महाराज तिथून रात्रीतून विशाळगडाकडं निघाले, भर पावसात. आम्हाला कोरड्या डांबरी रस्त्यानं, इंजिनावर, फक्त वाघबिळाचा चढ चढायचा होता. शिवाजी पूल ओलांडला की निम्मं काम झालं.

पण शिवाजी पुलाच्या आधी गंगावेस लागते.

गंगावेशीत दुधाचा कट्टा आहे. म्हशी उभ्या असतात, गिऱ्हाइकासमोर धार काढतात आणि फेसासकट पेला हातात देतात. धारोष्ण, म्हणजे म्हशीच्या अंगाइतकं ऊन. पेल्याच्या वर दोन बोटं फेस, ओठाला पांढरी मिशी, आणि दुधाला त्या वेळी कसलीच चव नसते. असतो तो नुसता जडपणा, जो पोटात उतरताना कळतो. गुळवाल्यानं गाडी बाजूला घेतली ती फक्त "एक-एक पेला, दोन मिनिटं." दुसऱ्या पेल्याच्या वेळी बँकवाला म्हणाला, "सूर्य काय, हितनं बी दिसतोय की." आम्ही सगळ्यांनी मान वर करून बघितलं. एका तिमजली इमारतीच्या पाण्याच्या टाकीमागून तो खरंच वर आला होता. सहा वाजून चौदा मिनिटं.

"मग आता?" मास्तरनं विचारलं.

"आता पन्हाळ्यावर जाऊन काय करणार? उगवला की," गुळवाला म्हणाला.

त्या एका क्षणात बेत पहिल्या अर्थातून दुसऱ्या अर्थात शिरला. मोठ्यानं कुणी काही ठरवलं नाही. मिसळीचं आधीच गृहीत होतं. कट वेगळा, वर ब्रेडच्या स्लाइस, आणि फोटोवाल्याला तर्री जास्त. मिसळ खाताना पुढचा प्रश्न सुटला. गुळवाल्याचं रान कळंब्याच्या पुढं आहे, तिथं विहीर आहे, चिंच आहे. रस्सा मंडळ बसवायचं.

रस्सा मंडळ ही संस्था कुठं नोंदवलेली नाही, तिला अध्यक्ष नाही आणि तिची घटना तोंडी आहे. चार माणसं, एक पातेलं, तीन दगड, वर्गणी. पातेलं तालमीचं. कोल्हापुरातल्या पेठांत तालीम मंडळांनी कुस्तीइतकंच भांड्यांचं कार्य केलं आहे. गणपतीच्या प्रसादाला घेतलेली मोठी पातेली बाकीच्या महिन्यांत मागितली की मिळतात, घासून परत करायच्या बोलीवर. मटण आणायला फोटोवाला गेला. रांग होती, पण त्यात त्याच्या ओळखीचं कुणीतरी पुढं असतंच. या शहराची मटणाविषयीची वृत्ती गंभीर आहे. २०१९ च्या अखेरीला दर चढला तेव्हा इथं कृती समिती निघाली आणि रीतसर आंदोलन झालं. दोन किलो पालव्याचं, थोड्या चापा, नळ्या मोजून चार. चैत्रात पालवी फुटते हे कवींना ठाऊक असतं. पालवा म्हणजे कोवळं बकरं हे इथल्या कसायाला. दोघंही कोवळिकीविषयीच बोलतात.

साडेदहाला चूल पेटली. इथं अनुमानप्रमाणाचा उल्लेख करावाच लागतो. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथं अग्नी आहे, असं नैयायिक मांडतात, आणि दाखला देतात तो स्वयंपाकघराचा: जिथं जिथं धूर तिथं तिथं अग्नी, जसं स्वयंपाकघरात. आम्ही बसलो होतो तिथून लांब ओढ्याकडं आणखी दोन ठिकाणी धूर दिसत होता. बँकवाल्यानं हात डोळ्यांवर धरून बघितलं आणि म्हणाला, "तिकडं बी मंडळ बसलंय." हेतू, साध्य, दृष्टांत, सगळं एका वाक्यात. गौतमाला सूत्रं लिहावी लागली, कारण त्याला कोल्हापूरचा रविवार माहीत नव्हता.

पांढऱ्या रश्श्याचं कर्म नाजूक. आधी हळद, मीठ, आलं-लसूण लावून मटण शिजवायचं आणि त्याचं आळणी पाणी बाजूला काढायचं. खसखस, तीळ, काजू वाटून घ्यायचे. लवंग, दालचिनी, मिरे, वेलदोडा तुपात तडतडले की ते पाणी, वाटण आणि शेवटी नारळाचं दूध. मग आच कमी, आणि पळी सतत फिरवत ठेवायची, कारण उकळी फुटली की दूध फुटतं. फोटोवाला या वेळी कुणाशी बोलत नाही. अंधाऱ्या खोलीत फिल्म धुताना तो असाच उभा राहायचा असं तो सांगतो. तांबड्याला एवढी सेवा लागत नाही. भाजलेलं खोबरं, गेल्या वर्षीची चटणी, आणि तेल वर येईस्तोवर वाट बघणं. भाकऱ्या शेजारच्या वस्तीवरच्या मावशींनी थापून दिल्या, दर ठरवून.

रस्सा होईस्तोवर आंघोळ. हा या ग्रंथाचा परमोच्च भाग आहे आणि त्यावर मला फार थोडं लिहिता येतं. विहिरीवरची मोटर सुरू केली की पाइपातून आधी हवा फसफसते, दोन-तीन उचक्या येतात, आणि मग मनगटाएवढी धार पाटाच्या हौदात कोसळते. चैत्रात ऊन तापलेलं आणि पाणी विहिरीच्या तळाचं. मान खाली घालून धार पाठीवर घ्यायची. आठ-दहा सेकंद श्वास परत येत नाही. साठीकडं झुकलेला बँकवाला, अंडरपँटवर, कटिंगला न गेलेले केस कपाळावर चिकटलेले, ओरडत होता आणि काय ओरडतोय ते धारेत ऐकू येत नव्हतं. उसाच्या पाटात पाणी पळत होतं आणि त्यामागून बगळे. मास्तरनं दुर्बीण लावायची हौस त्याच वेळी केली. ती ओली झाली.

जेवताना शास्त्रार्थ झाला. मास्तर रविवारी खात नाही, जोतिबाचा वार. त्यानं भाकरी आणि कांदा घेतला आणि पांढऱ्याची वाटी पुढं केली.

"मास्तर, वार हाय नव्हं?"

"फोडी नको. रस्सा तेवढा."

गुळवाल्यानं विचारलं की रस्सा मटणाचा नाही काय? मास्तरनं उत्तर दिलं की फोड हे द्रव्य, चव हा गुण. मी गुण घेतोय, द्रव्य नाही. नैयायिकांच्या मते गुण द्रव्याला सोडून राहत नाही, हे मी निदर्शनाला आणलं. मास्तर वाटी तोंडाला लावून म्हणाला, "दुधासारखाच दिसतोय की." फोटोवाल्यानं न विचारता वाटी पुन्हा भरली. तीनदा. मग मास्तरच्या वाटीत एक नळी सापडली. ती कुणी टाकली याचा छडा लागला नाही, आणि ती परत पातेल्यातही गेली नाही.

नंतर चिंचेखाली आडवं होणं. कुणी झोपलं नाही, कुणी बोललंही नाही. मध्येच गुळवाला म्हणाला, "पेटी मंगळवारपर्यंत होईल." कुणी "हं" केलं. बऱ्याच वेळानं बँकवाला म्हणाला, "पुढच्या महिन्यात आंबोली." कुणी काही केलं नाही. फोटोवाल्याच्या खिशातला फोन दोनदा थरथरला. त्यानं तो उलटा करून गवतावर ठेवला. डंक संध्याकाळी सातपर्यंत चालू असतो, असं तो स्वतःशीच पुटपुटला.

साडेचारला वारं सुटलं. उसाची पाती एका बाजूला झोपली, धूळ उठली, आणि वळवाचे टपोरे थेंब मातीत खळगे पाडत आले. वळीव सूचना देत नाही. पातेलं, घागर, दुर्बीण, उरलेल्या भाकऱ्या, चपला, जे हाताला लागेल ते घेऊन सगळे मोटारीकडं पळाले. बँकवाल्यानं पातेल्याचं झाकण डोक्यावर धरलं होतं. त्यावर पावसाचा जो आवाज होत होता तो पाचही जणांना अजून आठवतो. मोटारीत बसल्यावर झाकण कुणाकडं आहे हे कुणाला आठवत नाही.

फोटोवाला सात वाजायला दहा मिनिटं असताना डंकावर पोचला. कुरडया भिजल्या, पण त्याआधीच थोड्या उरल्या होत्या. पातेलं मी घासून सोमवारी तालमीत दिलं. तालमीच्या माणसानं ते उलटसुलट बघितलं आणि म्हणाला, "आणि झाकण?"

तेव्हा वाचकांना विनंती. कळंब्याच्या पुढच्या रानात, चिंचेच्या आसपास किंवा उसाच्या पाटात कुणाला जर्मनचं मोठं झाकण सापडलं असेल, तर ते परत करावं. ओळखायची खूण म्हणजे त्यावर तालमीचं नाव ठोकलेलं आहे आणि कडेला एक पोचा आहे. पोचा जुना आहे, आम्ही पाडलेला नाही.